व्हॉल्व्हची नावं पाठ करतेयस त्याबद्दल थोडं

अगं, परळला कार्डियाक सर्जरीला लागलीस आणि लगेच हृदयात बसवायच्या कृत्रिम व्हॉल्व्हची, म्हणजे झडपांची, नावं-सालं घोकायला बसलीस म्हणे. घोक, परीक्षेला लागतंच, पण माझं ऐकशील तर प्रत्येक नावापुढं एवढं लिहून ठेव की तो बिघडला कशानं.

हफनागेल या सर्जननं १९५२ ला बॉलवाला व्हॉल्व्ह बसवला तो हृदयात नाहीच, छातीत खाली उतरणाऱ्या महाधमनीत, कारण हृदय उघडून आत काम करता येईल असं हार्ट-लंग मशीन तेव्हा हाताशी नव्हतं. स्टार हा सर्जन आणि एडवर्ड्स हा रिटायर्ड इंजिनियर, त्यांनी आधी पाकळ्यांचा व्हॉल्व्ह केला तर कुत्र्यांमधे त्यावर गुठळ्या धरायला लागल्या, मग १९६० ला पिंजऱ्यातला सिलिकॉनचा बॉल माणसात बसवला. आपल्या मूळ व्हॉल्व्हशी त्याचं काही साम्य नाही पण पेशंट जगले! पुढं काहींमधे तोच बॉल रक्तातली चरबी शोषून फुगला, तडकला. नंतर तिरक्या डिस्कचे आले, त्यात ब्यॉर्क-शायलीच्या एका मॉडेलची तार तुटून डिस्कच निसटायची, १९८६ ला ते बाजारातून काढलं.

आणि आपला भारतात केलेला चित्रा व्हॉल्व्ह नीट वाच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमधे सर्जन वलियाथन सरांच्या टीमची पहिली तीन मॉडेलं फेल गेली तरी त्यांनी सोडलं नाही, चौथ्यात साध्या दिसणाऱ्या पॉलिथिलिनची डिस्क टिकली आणि डिसेंबर १९९० ला पहिल्या पेशंटला बसला. बाहेरचा व्हॉल्व्ह परवडत नाही म्हणून थांबलेल्या माणसांसाठी केलेलं काम आहे ते, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

हे सगळं कशाला सांगतोय, तर तुझ्या वॉर्डात रूमॅटिकच्या, म्हणजे रूमॅटिक तापानं हृदय बिघडलेल्या, पंचविशीतल्या बायका येणार, मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधला व्हॉल्व्ह, पार खराब झालेला. मेटलचा बसवला तर टिकेल खूप पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि ती गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते, प्राण्याच्या टिश्यूचा बसवला तर गोळीची कटकट कमी पण तरुण वयात तो लवकर खराब होतो, म्हणजे परत छाती उघडा. दोन्हीत काहीतरी गमावणं आहेच. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघून झाला की स्टूल ओढून तिच्याजवळ बस आणि विचार, मूल हवंय का, गावी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, कुठं करतात, एसटीनं जायला किती वेळ लागतो, गोळी संपली तर कोण आणून देतं. सासूला नाही, तिलाच विचार. उत्तरं केसपेपरवर लिही आणि राऊंडला सरांनी विचारायच्या आधी तूच सांग.