छोटा रेडिओ टॉवर: परवानग्यांची सुरुवात कुठून करावी

पाया खणायची घाई करू नका. फ्रिक्वेन्सीचा परवाना मिळाला म्हणजे टॉवर उभारायची मुभा मिळाली, असं नाही. परवाना, विमान वाहतुकीचं ना-हरकत आणि स्थानिक बांधकाम परवानगी हे सहसा तीन वेगळे अर्ज असतात.

अर्ज अडकतात ते आकड्यांवर:

- उंची अगदी वरच्या टोकापर्यंत मोजा, अँटेना आणि लाइटनिंग अरेस्टर (विजेपासून बचाव करणारी टोकावरची दांडी) धरून. गच्चीवर असेल तर इमारतीचीही उंची मिळवा. जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी लिहा.
- अक्षांश-रेखांश लिहिताना जपा. १८ अंश ३० मिनिटे म्हणजे १८.५, चुकून १८.३० लिहिलंत, तर कागदावर टॉवर सुमारे २२ किलोमीटर सरकतो!

विमानतळ जवळ असेल तर टॉवर छोटा म्हणून सूट गृहीत धरू नका. टॉवर विमानांना दिसावा म्हणून लागणाऱ्या दिवे-रंगाचं नंतर बघता येईल. आधी सगळ्या अर्जांत आकडे तेच आहेत ना, ते ताडून घ्या.