टायमिंग चेन बदलू की गाडीच बदलू?

साताऱ्याच्या एका शिक्षक वाचकांचं पत्र आहे. थोडक्यात असं: नोव्हेंबर 2012 ला नोंदणी झालेली डिझेल स्विफ्ट, 1 लाख 62 हजार किलोमीटर. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की इंजिनातून खडखड येते आणि थोड्या वेळाने थांबते. मिस्त्री म्हणतात, टायमिंग चेन (इंजिनातले व्हॉल्व आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी) सैल झाली. चेनचं काम 28 हजार, 'उघडलंच आहे तर' क्लच 14 हजार, एकूण 42 हजार. शोरूमवाले याच गाडीचे एक्स्चेंजमध्ये 1 लाख 40 हजार द्यायला तयार आहेत. नवी पेट्रोल गाडी रस्त्यावर येईपर्यंत 7 लाख 80 हजार. 5 लाख कर्ज आणि उरलेले 1 लाख 40 हजार मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडून. मुलगी अकरावीत आहे. मेहुणे म्हणतात, तेरा-चौदा वर्षांच्या गाडीत पैसे घालणं वेडेपणा. काय करू?

नमस्कार सर,

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा 42 हजार नाही आणि 7 लाख 80 हजारही नाही. मुलगी अकरावीत आहे, हे वाक्य महत्त्वाचं. म्हणजे 2027 च्या उन्हाळ्यात तिचा प्रवेश आणि पहिली मोठी फी. तुमच्या गाडीच्या नोंदणीची 15 वर्षं संपतात नोव्हेंबर 2027 मध्ये. आजपासून साधारण 20 महिने. ही गाडी तेवढे 20 महिने विनातक्रार चालली, तर नव्या गाडीचा हप्ता आणि मुलीची पहिली फी एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मला या दुरुस्तीत एवढंच बघायचं आहे.

आता हिशेब. 5 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता साडेदहा हजार. पहिल्या 20 महिन्यांत तुम्ही 2 लाख 10 हजार भराल आणि त्यातले सुमारे 69 हजार निव्वळ व्याज असेल. तेवढ्या काळात नव्या गाडीची किंमत माझ्या अंदाजाने दीड लाखाने तरी उतरलेली असेल. एफडी मोडल्याचा दंड आणि बुडालेलं व्याज वेगळंच. जुनी गाडी ठेवलीत तर? चेनचे 28 हजार. टायर, बॅटरी, सस्पेन्शन अशा किरकोळीला महिना दीड हजार, म्हणजे 30 हजार. आणि जे बहुतेक लोक धरत नाहीत ते: आज 1 लाख 40 हजार मिळणाऱ्या गाडीचे तेव्हा 90 हजार मिळतील, म्हणजे आणखी 50 हजार गेले. बेरीज 1 लाख 8 हजार. हा खर्च काही थोडा नाही. पण समोर व्याज आणि उतरलेली किंमत मिळून 2 लाख 20 हजारांच्या आसपासचा खड्डा आहे. इंधनातही काही वाचणार नाही. आपल्याकडे डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं.

मेहुण्यांना दिल्लीचा नियम आठवत असावा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचं ते प्रकरण दिल्ली आणि आसपासचं आहे, साताऱ्याचं नाही. आपल्याकडे 15 वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. एप्रिल 2022 पासून त्याचं शुल्क कारसाठी 600 वरून 5 हजार झालं आणि वर पर्यावरण कर. तुम्ही मात्र तिथपर्यंत जाऊ नका, असं माझं मत. मुलगी कॉलेजात स्थिरावली की ही गाडी विकून टाका.

मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी सुट्या भागांची चिंता नको. हे 1.3 लिटरचं इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, टाटाची व्हिस्टा, फियाटची पुंटो अशा इतक्या गाड्यांत ते बसलं की त्याला गमतीने देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. आपल्या रांजणगावातही ते बनायचं.

क्लचबद्दल मात्र मिस्त्रींशी माझं जमत नाही. या इंजिनात चेन एका टोकाला, क्लच दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला. 'उघडलंच आहे तर' मजुरी वाचते हे इथे लागूच होत नाही. यवतेश्वरचा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग तेवढाच राहिला, तर क्लच घसरतोय, तेव्हा बदला. नाहीतर 14 हजार खिशात राहू द्या.

चेनचं काम करायला देण्याआधी दुसऱ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. ऑइल किती पिते, धूर कोणत्या रंगाचा, हेही बघायला सांगा. माझा निर्णय यावर पलटू शकतो. रिंग-पिस्टन गेले असतील किंवा इंजेक्टरही मागे लागले असतील आणि आकडा 75 हजारांच्या वर जात असेल, तर हात लावू नका. आहे त्या अवस्थेत, खडखड आहे असं स्पष्ट सांगून गाडी विका आणि चार-पाच वर्षं वापरलेली साधी पेट्रोल गाडी बघा. नवी तेव्हाही नको.

काम करायचं ठरलं तर नुसती चेन नको. चेन ताणून धरणारा टेन्शनर, तिला मार्गावर ठेवणारे गाइड आणि दातेरी चाकं (स्प्रॉकेट) यांसकट पूर्ण किट, पक्क्या बिलावर. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, एस्टिमेट जुन्या दराने तर नाही ना ते बघा. या इंजिनाचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून पुढे ऑइल दहा हजारांऐवजी आठ हजार किलोमीटरवर बदला. विमा कंपनीकडून अपेक्षा ठेवू नका, झीज ते देत नाहीत.

पैसे तुमच्या बचत खात्यातल्या अडीअडचणीच्या रकमेतून द्या. आणि साडेदहा हजारांचा हप्ता झेपेल असं तुम्हीच लिहिलंय ना? मग या महिन्यापासून त्यातले 1,400 त्या खात्यात परत भरा, दीड हजार गाडीच्या किरकोळीला बाजूला ठेवा आणि 7 हजारांचं आवर्ती ठेव खातं उघडा. 20 महिन्यांत व्याजासह 1 लाख 48 हजारांच्या जवळ जाल. एफडीला हात न लावता डाउन पेमेंट तयार. हप्ता खरंच झेपतो का, याचीही चाचणी त्यात होऊन जाईल, मेहुण्यांना न विचारता.

एक पर्याय तुम्ही लिहिला नाहीत, पण मला तोच सगळ्यात जास्त दिसतो: 'बघू, दिवाळीनंतर करू.' चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, हेड उतरवावं लागतं, आणि मग हा सगळा कागद फाडून नवा हिशेब मांडावा लागेल. आई-वडिलांना भेटायला दर पंधरा दिवसांनी कोल्हापूरला जाता म्हणता. किट बसेपर्यंतच्या फेऱ्या एसटीने करा.