मेक्सिकोचे हातघडणीचे शॉट ग्लास: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (पुणे): ह्यूस्टनच्या मावसभावाने निळ्या काठाचे, जाड काचेचे चार उंच शॉट ग्लास पाठवले आहेत. विकणाऱ्याने ते 1940 च्या सुमाराचे असल्याचे सांगितले. ते खरे आहे का, हे घरी कसे तपासावे?

उत्तर: आपले ग्लास ‘काबायितो’ या, टकिला पिण्याच्या पारंपरिक ग्लासांच्या प्रकारातले दिसतात. निळ्या काठाची ही फुंकीव काच मुख्यतः हालिस्को राज्यातल्या ग्वादालाहारा, त्लाकेपाके आणि तोनाला या भागात होते. मेक्सिकोत काचकामाची पहिली कार्यशाळा 1542 मध्ये पुएब्ला शहरात निघाली. पुढे मूळच्या पुएब्लाच्या कामिलो आवालोस यांनी 1889 मध्ये मेक्सिको सिटीत ‘कार्रेतोनेस’ हा कारखाना सुरू केला आणि त्याच घराण्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम ग्वादालाहाराकडे गेले. तेव्हा 1940 चा ग्लास मिळणे अशक्य नाही. मात्र तीच घडण त्याच भागात आजही रोज होत असल्याने रूप पाहून काळ ठरवता येत नाही.

काचेतले बुडबुडे दाखवून वय सांगणाऱ्याकडे सरळ दुर्लक्ष करावे. जुन्या बाटल्या वितळवून केलेल्या काचेत ते आपोआप राहतात आणि गिऱ्हाइकाला आवडतात म्हणून आज मुद्दामही आणले जातात. त्यापेक्षा ग्लास उपडा करून तळ पाहावा. फुंकनळीवरून उतरवताना ग्लास लोखंडी सळईवर तळाकडून धरतात आणि ती सळई तोडल्यावर तिथे खडबडीत व्रण राहतो किंवा तो घासून काढल्याची गुळगुळीत खळगी दिसते. याउलट तळापासून काठापर्यंत उभी शिवण गेली असेल, तर ग्लास साच्यातून यंत्रावर निघालेला आहे. यानंतर भिंग घ्यावे. खऱ्या वापराचे ओरखडे टेबलाला टेकणाऱ्या कडेपुरतेच असतात, निरनिराळ्या दिशांना जातात आणि त्यांची खोलीही सारखी नसते. तळ वाळूकागदावर घासून म्हातारा केला असेल, तर रेघा एकाच दिशेने, एकसारख्या आणि कधी कधी खळगीतही उतरलेल्या दिसतात. काठावरून नख फिरवावे. खरा निळा काठ गरम कोबाल्ट काचेची पट्टी चढवून केलेला असल्याने त्याचा उंचवटा नखाला लागतो, तर रंगवलेला काठ सपाट असतो आणि त्याचे टवके उडतात.

एवढे करूनही फार तर ‘हाताने केलेला आणि बराच वापरलेला’ इतकेच म्हणता येईल. या ग्लासांवर सहसा शिक्का नसतो आणि कागदी चिकटपट्ट्या पहिल्याच धुण्यात निघून जातात. म्हणून जुनी पावती किंवा कौटुंबिक छायाचित्र यांसारखा पुरावा सोबत नसेल, तर दशकाच्या नावाने जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सस): मिचोआकानच्या बाजारातून चकचकीत झिलईचे मातीचे छोटे पेले आणले आणि ओआहाकाहून काळ्या मातीचे. यांतून प्यावे का?

उत्तर: दोन्हींचा विचार वेगवेगळा करावा लागेल. मेक्सिकोच्या पारंपरिक झिलईत ‘ग्रेता’ म्हणजे शिशाचे ऑक्साइड वापरण्याची रीत फार जुनी आहे. लाकडाच्या भट्टीत पुरेशी उष्णता मिळाली नाही, तर शिसे काचेत पक्के बांधले जात नाही आणि लिंबू, संत्रे किंवा टोमॅटोच्या आंबट रसात ते उतरते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. मेक्सिकोत शिसेविरहित झिलई वापरणारे कुंभार आता आहेत, पण नुसते ‘शिसे नाही’ असे लिहिलेले लेबल मी पुरेसे धरत नाही. घरगुती चाचणीच्या कांडीने शिसे दाखवले तर पेला कपाटात जावा; तिने काही दाखवले नाही, तरी तेवढ्यावरून तो पिण्याजोगा ठरत नाही. शंका राहिली, तर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

काळे पेले बहुधा ओआहाकातल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावचे असतील. त्यांच्यावर झिलई नसते. 1950 च्या दशकात तिथल्या कुंभार डोन्या रोसा यांनी अर्धवट सुकलेली माती गारगोटीने घासून हवाबंद भट्टीत भाजण्याची पद्धत रूढ केली, त्यातून ही चमक आली. मात्र चमक टिकावी म्हणून भाजणी कमी ठेवावी लागते आणि त्यामुळे भांडे झिरपते. पेल्यात पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला, तर पेला शोभेचाच समजावा. पूर्वीचे करडे, बिनचमकीचे रांजण जास्त भाजलेले असत आणि त्यांतून मेस्काल या मेक्सिकन मद्याची ने-आण होई.

प्रश्न (मडगाव): हिरवट ‘ऑनिक्स’ दगडाच्या पेल्यांत आम्ही फेणी आणि लिंबू घेतो. काठ निस्तेज झाला आहे. काय चुकले?

उत्तर: लिंबू चुकले. मेक्सिकोत ऑनिक्स म्हणून विकला जाणारा दगड खरा ऑनिक्स नसून पट्टेदार कॅल्साइट आहे. पुएब्ला राज्यातले तेकाली दे एर्रेरा हे गाव त्याच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. आम्लाने कॅल्साइट विरघळतो, त्यामुळे लिंबाचा थेंब पडेल तिथली चकाकी जाते, आणि ती परत आणण्यास नव्याने घासून पॉलिश करावे लागते. फेणी नुसती घ्यावी किंवा पेला बदलावा. व्हिनेगर घालून धुणे मात्र ताबडतोब बंद करावे.

प्रश्न (नागपूर): पेल्यांच्या एका संचाच्या तळाशी ‘आल्पाका, मेक्सिको’ असा शिक्का आहे. ही चांदी आहे का?

उत्तर: नाही. आल्पाका म्हणजे आपल्याकडचे जर्मन सिल्व्हर: तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदीचा अंश नसतो. विक्रेता फसवतोच असे नाही, कारण शिक्का खरे सांगतो आहे. चांदीचा पेला हवा असेल, तर तास्कोचे काम शोधावे. तिथे विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन माणसाने 1931 मध्ये कार्यशाळा काढली आणि त्यानंतर गावात चांदीकाम बहरले. 1948 पासून सुमारे तीन दशके गरुडाचा शिक्का आणि त्यातला आकडा वापरात होता, त्यानंतर अक्षरे-आकड्यांची नोंदणी आली. गरुड आणि 925 (म्हणजे हजारात 925 भाग चांदी) ही खूण एकत्र दिसली, तर काळाचा अंदाज बांधता येतो. पण गरुडातला 3 हा आकडा तास्कोच्या अनेक कारागिरांनी वापरला असल्याने त्यावरून कारागिराचे नाव ठरवू नये.

प्रश्न (ठाणे): खर्च न वाढवता संग्रहाची सुरुवात कशाने करावी?

उत्तर: मेस्कालच्या ‘व्हेलाडोरा’ ग्लासांनी. हे मुळात देवापुढच्या मेणबत्तीचे पेले. मेण जळून संपल्यावर ते पिण्यासाठी वापरले जाऊ लागले. उभ्या कंगोऱ्यांचे, जाड आणि साच्यातले, त्यांच्या तळात बऱ्याचदा क्रूस दिसतो. हातघडणीच्या संग्रहात साच्यातला ग्लास का, असे कोणी विचारील, पण फुंकीव काच समजण्यासाठी हाताशी तुलनेला साच्यातली काच असलेली बरी. पुढे त्यात तोनालाचा एक काबायितो घालावा. तिथे गुरुवारी आणि रविवारी रस्त्यावर बाजार भरतो आणि चारसहा ग्लास उपडे करून पाहिल्याबद्दल कोणी रागावत नाही.