चिनी पद्धतीत बाळाच्या नावासाठी जन्मवेळ आणि रेघा कशा मोजतात?

आधी ‘बाझी’ मांडतात. वर्ष, महिना, दिवस, वेळ या चार खांबांची प्रत्येकी दोन, अशी आठ अक्षरं. वेळेचा खांब दोन तासांचा असतो. पहिली चूक वर्षातच होते: बाझीचं वर्ष बहुतेक ज्योतिषी चिनी नववर्षाला नाही, तर ‘लीचुन’ला, म्हणजे वसंतारंभाला, ४ फेब्रुवारीच्या आसपास, बदलतात. १ फेब्रुवारी २०२५ चं बाळ लोकांच्या लेखी सापाच्या वर्षाचं, बाझीत मात्र अजून ड्रॅगनचं.

मग त्या आठ अक्षरांतल्या लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या पाच तत्त्वांचा तोल बघतात. ‘पाणी नाही, मग नावात पाणी घाला’ हा सरधोपट उपाय झाला. जाणकार आधी दिवसाच्या खांबाचं मुख्य तत्त्व सबळ की दुबळं हे बघतो. नसलेलं तत्त्व कधी कधी नकोसंच असतं.

शेवटी अक्षरांच्या रेघा. त्या आजच्या सोप्या लिपीतल्या नव्हे, जुन्या कांगशी शब्दकोशाप्रमाणे मोजतात. डावीकडचं पाण्याचं चिन्ह दिसतं तीन रेघांचं, धरतात चार. म्हणून ‘हाओ’ (विशाल) १० नव्हे, ११. ‘ली हाओरान’ घ्या: ली ७, हाओ ११, रान १२. आडनाव अधिक पहिलं अक्षर १८, नावाची दोन अक्षरं २३, एकूण ३०. हे आकडे शुभाशुभ कोष्टकात बघायचे. ॲपमधले गुण बरेचदा याच बेरजांवर बेतलेले असतात, आणि रेघांच्या बेरजांची ही ‘पंचकोष्टक’ रीत प्राचीन वगैरे नाही, विसाव्या शतकात जपानमधून आलेली आहे.

आकडा जुळवायला फार दुर्मिळ अक्षर मात्र घेऊ नका. ते संगणकावर उमटत नाही आणि बँकेत, तिकिटावर अडकतं.