पाताळात जेवायचं नाही म्हणतात ते का?

प्रश्न : युरोपच्या जुन्या कथांमधलं पाताळ म्हणजे नुसती आग आणि छळच असतो का? आणि तिथे गेलं तर काही खायचं नाही असं वाचलं, ते कशामुळे? (एक वाचक)

उत्तर : आगीचं म्हणाल तर नाही हो, ती ख्रिश्चन नरकाची डोक्यात बसलेली इमेज आहे. नॉर्स लोकांची, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांची, पाताळाची राणी हेल घ्या, आजाराने किंवा म्हातारपणाने गेलेले सगळे तिच्याकडे, म्हणजे पाप केलं म्हणून नाही, लढाईत मेले नाहीत एवढंच! आइसलँडच्या स्नोरी या लेखकाने १२२०च्या सुमारास लिहून ठेवलंय की ही बाई अर्धी निळीकाळी, तिच्या ताटाचं नाव भूक आणि सुरीचं नाव उपासमार (असल्या घरी कोण जेवायला थांबणार). इंग्रजीतला हेल हा शब्दही त्याच मुळातला, मूळ अर्थ झाकणं, लपवणं, त्यात आग कुठेच नाही.

आता खाण्याचं. ग्रीकांच्या पर्सेफोनी देवीला पाताळाचा राजा हेडीसने पळवून नेलं, सोडताना गुपचूप डाळिंबाचा एक दाणा चारला आणि झालं, दरवर्षी एक तृतीयांश वर्ष खालीच राहायचं. रोमन कवी ओव्हिड हीच गोष्ट सांगतो तेव्हा दाणे सात होतात आणि मुक्काम अर्ध्या वर्षाचा. मला यात सरळ हिशोब दिसतो, ज्याचं अन्न खाल्लं त्याच्या घरचे तुम्ही झालात. आयर्लंड-स्कॉटलंडच्या परीकथांमध्येही टेकडीखालच्या परीराज्यात गेलेल्याला कुणीतरी कानात सांगतंच, इथलं काही तोंडात घालू नकोस.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट हर्ला राजाची, बाराव्या शतकात वॉल्टर मॅप या लेखकाने लिहिलेली. हा ब्रिटन लोकांचा (म्हणजे सॅक्सन यायच्या आधीपासून इंग्लंडात राहणाऱ्यांचा) राजा एका बुटक्या राजाच्या लग्नाला गुहेतून खाली गेला, तीन दिवस राहिला, निघताना भेट म्हणून एक छोटं कुत्रं मिळालं आणि अट अशी की ते खाली उडी मारेपर्यंत कुणी घोड्यावरून उतरायचं नाही. वर येऊन बघतो तर भेटलेल्या म्हाताऱ्या धनगराला त्याची भाषाच धड कळेना, कारण सॅक्सन लोक येऊन २०० वर्षं झालेली! काहीजण घाईने उतरले त्यांची जागच्या जागी माती झाली, बाकीचे फिरतच राहिले. मॅप म्हणतो इंग्लंडचा दुसरा हेन्री गादीवर आला त्या पहिल्याच वर्षी ही फौज हेरफर्डजवळ वाय नदीत शिरताना वेल्श लोकांनी पाहिली, मग पुन्हा कुणाला दिसली नाही. कुत्र्याने मात्र अजून खाली उडी मारलेली नाही, असं तो सांगतो.