जुन्या दगडी घरात ९० किलोची तिजोरी भिंतीला कशी बसवावी?

आपला प्रश्न असा आहे की, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या घरात, पहिल्या मजल्यावर ९० किलोची पोलादी तिजोरी ठेवायची आहे, तिच्या पाठीला चार भोके आहेत, तर सोबत मिळालेले चार फास्टनर भिंतीत ठोकले म्हणजे पुरे होईल काय. माझे घरही लष्करमध्येच आहे आणि पाच वर्षांपूर्वी मी नेमके हेच करून फसलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हे फास्टनर सिमेंट काँक्रीटसाठी उत्तम असतात. नट आवळला की बोल्टभोवतीची नळी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाब देऊन घट्ट बसते. आपल्याकडील जुन्या भिंती मात्र बहुधा बाहेरून व आतून घडीव दगड आणि मध्ये चुना-खडीची भर अशा असतात. माझ्या दोन भोकांत ड्रिल चार इंचांवर एकदम सैल पडले, भुसभुशीत चुना बाहेर आला आणि फास्टनर आवळताना जागच्या जागी फिरू लागला. तिसरे भोक दगडाच्या कडेजवळ पडले होते. तिथे नट आवळताच दगडाची कपची उडाली. आपला वालुकाश्म थरांचा असतो, त्यामुळे आतून फुगणारी वस्तू त्याला सोसत नाही. मिस्त्रीने यावर सिमेंट भरून देण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली, कारण नट आवळला की तो मसाला आख्खाच्या आख्खा भोकातून बाहेर आला असता.

अशा भिंतीत केमिकल अँकर वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यात आट्यांची सळई विशिष्ट राळेने भोकात चिकटवली जाते आणि भिंतीवर फुगण्याचा दाब मुळीच पडत नाही. १२ मिलिमीटरच्या सळईला १४ मिलिमीटरचे भोक लागते. खोली मी १५० मिलिमीटर ठेवली. जिथे आत पोकळी लागली तिथे आधी जाळीची नळी बसवली, म्हणून राळ भरीत वाहून न जाता नळीभोवती घट्ट झाली. अशा ठिकाणी भोक त्या नळीच्या मापाचे, म्हणजे थोडे मोठे, पाडावे लागते. सर्वांत महत्त्वाचे काम भोक स्वच्छ करण्याचे आहे, आणि नेमका तिथेच कारागीर घाई करतात: ब्रश फिरवावा, पंपाने हवा मारावी, आणि हे दोन्ही पुन्हा करावे, कारण पूड राहिली तर राळ दगडाला न चिकटता पुडीला चिकटते. नळकांड्यातून येणारी सुरुवातीची राळ रंग एकसारखा होईपर्यंत फेकून द्यावी, भोक तळापासून भरत यावे आणि सळई फिरवत आत घालावी. मे महिन्याच्या आपल्या उन्हात ती काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, तर जानेवारीत बराच वेळ घेते. म्हणून वेष्टनावरचा तापमानाचा तक्ता पाहिल्याशिवाय नट आवळू नये. सळया सरळ राहाव्यात म्हणून प्लायच्या तुकड्यावर तिजोरीच्या भोकांच्याच मापाची भोके पाडून तो त्यांवर अडकवून ठेवावा.

भोके दगडाच्या मध्यभागी येतील हे पाहण्यासाठी आधी बारीक ड्रिलने चाचपणी करावी: दगडाची पूड वाळूसारखी खरखरीत असते, चुन्याची पांढरी व मऊ. माझी वरची दोन भोके सांध्यावर येत होती, तेव्हा तिजोरीखाली दोन इंचांचा भक्कम पाट देऊन ती उचलली आणि प्रश्न मिटला.

वजन मात्र बोल्टांवर टाकू नये, ते जमिनीनेच पेलावे. बोल्टांचे काम तिजोरी कोणी ओढून वा कलंडून नेऊ नये एवढेच. आपल्या पहिल्या मजल्याची जमीन जर गर्डरवर टेकलेल्या पटियांची, म्हणजे लांब दगडी फरशांची असेल, तर तिजोरी पटियाच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, जिथे पटिया टेकलेला आहे तिथे ठेवावी, आणि पटियाला तडा दिसत असेल तर आधी अभियंत्याला दाखवावे. पटियात भोक पाडून बोल्ट मारण्याचा विचारही करू नये.

तिजोरीची पाठ भिंतीला पूर्ण टेकली पाहिजे. खालच्या स्कर्टिंगमुळे फट राहते आणि त्या फटीत पहार घालून नेमके बोल्टच उपटले जातात. तेवढे स्कर्टिंग कापून काढावे. कोपरा मिळाल्यास अधिक चांगले, कारण एका बाजूने पहार घालायला जागाच उरत नाही. फक्त दार पूर्ण उघडते की नाही हे आधी पाहावे. आतून नटाखाली मोठे, जाड वॉशर घालावेत. कारखान्याने दिलेल्या भोकांखेरीज नवीन भोक पाडू नये, विशेषतः तिजोरी आगरोधक असेल तर, कारण दोन पत्र्यांमधला भराव त्यामुळे उघडा पडतो. भिंतीला लोणा, म्हणजे ओलीमुळे फुटणारा खारा थर, लागलेला असेल तर जागाच बदलावी.

एक गोष्ट सुरू करण्यापूर्वीच तपासावी: लष्करमधली बरीच घरे एकमेकांना लागून आहेत आणि मधली भिंत सामाईक असते. तशी असल्यास ड्रिलवर खोलीची खूण करूनच भोक पाडावे आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे.