दस्ता नसलेली पंप गन हातात नाचली, चुकलं कुठं?

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गेल्या महिन्यात टेक्सासला चुलतभावाकडं गेलतो, त्यानं रेंजवर नेऊन एक आखूड बाराबोर पंप गन हातात दिली, म्हणजे नळीखालचा पंप हातानं मागंपुढं ओढून काडतूस भरायची बंदूक. खांद्याला लावायला दस्ताच नाही, मागं नुसती वाकडी मूठ. नेम दिसावा म्हणून गालाजवळ धरली तर पहिल्याच बाराला मूठ ओठावर बसली, मनगट अजून दुखतंय. दुसऱ्या वेळी नुसतं टक झालं, बार उडालाच नाही. भाऊ म्हणतो ताकद कमी पडली. मी रोज तालमीत जातो ओ, हे खरंच ताकदीचं काम आहे का? आणि असली गन इथं लायसनवर मिळंल का?

उत्तर : ओठावर निभावलं हे नशीब समजा, दात गेले असते. आणि ताकदीचं म्हणाल तर तो मुद्दाच नाही.

तुम्ही सांगताय तसल्या गन म्हणजे मॉसबर्गची शॉकवेव्ह किंवा रेमिंग्टनची टॅक-१४, दोन्ही २०१७ साली आल्या, नळी १४ इंचाच्या आसपास. वजन अडीच किलोच्या आसपास, लांब पंप गन सव्वातीन किलोपर्यंत जाते. काडतूस मात्र तेच, म्हणजे मागं येणारा रेटा तेवढाच आणि तो झेलणारं वजन कमी, मग गन जास्त वेगानं मागं येणार आणि खांदा नसल्यानं तो सगळा रेटा मनगटावर.

म्हणून ही गन गालाजवळ कधीच न्यायची नाही, हे तुम्हाला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, मला याचाच राग आला. चेहऱ्यापासून चांगली लांब, छातीच्या किंवा डोळ्याच्या उंचीला धरायची, कोपरं थोडी वाकलेली, पुढच्या हातानं पंप पुढं रेटायचा आणि मागच्या हातानं मूठ तेवढ्याच जोरानं मागं ओढायची. दोन हातांमधला हा ताण बार उडून गेल्यावरसुद्धा सोडायचा नाही, दस्त्याचं काम तोच करतो. कमरेजवळून मारू नका, नेम राहत नाही. आखूड नळीतनं छर्रे खोलीभर पसरतात हे पण खरं नाही, दहा यार्डांवर जाड छर्ऱ्यांचा पसारा साधारण वीतभर, म्हणजे नेम धरावाच लागतो.

पंपावर पट्टा असंल तर तो शोभेचा नाही, हात घसरून नळीच्या तोंडासमोर जाऊ नये म्हणून तो असतो, त्यात हात घालूनच धरायचं.

आता ते टक. पहिल्या धक्क्यानं माणूस बिचकतो आणि पंप अर्धाच मागं ओढतो, मग रिकामं काडतूस पडतं पण नवीन वर येत नाही. पंप मागं पार शेवटपर्यंत आणि पुढं पण शेवटपर्यंत, घाबरत घाबरत नाही. पण एक लक्षात ठेवा, टक झालं की लगेच पंप ओढायचा नाही, नळी टार्गेटकडंच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानात बोळे आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही. पुढच्या वेळी हलक्या लोडची, म्हणजे कमी धक्क्याची काडतुसं मागा आणि आधी एकच भरून मारा.

लायसनचं सरळ सांगतो, नाही. आपल्याकडं २० इंचापेक्षा आखूड नळीची बाराबोर साध्या लायसनवर बसतच नाही. घरातली जुनी गन कापून आखूड करतो असं कुणी म्हणत असंल तर त्याला आजच थांबवा, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली तो गुन्हा आहे आणि त्यात जेल आहे. अमेरिकेत पण १८ इंचाखालची नळी शॉटगनला असली की १९३४ चा तिथला केंद्रीय शस्त्र कायदा आडवा येतो. ही गन कारखान्यातनंच दस्त्याशिवाय येते आणि एकूण लांबी २६ इंचांवर आहे म्हणून ती त्यात अडकत नाही.

हौस असंल तर आधी दस्त्यावर शिका. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम) ब्राँझ मिळवलं, त्या खेळात रायफलचा दस्ता नेमबाजाच्या अंगाला बारकाईनं जुळवून घेतात, कारण अंग आणि गन एक झाल्याशिवाय नेम लागत नाही. दुधाळीच्या रेंजवर जाऊन एअर रायफलपासून सुरुवात करा.

आणि मनगट अजून दुखतंय म्हणताय, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघा, तिथं दुखलं तर तालीम बंद ठेवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा, तिथलं बारीक हाड मोडलं तर पहिल्या आठवड्यात पटकन दिसत नाही.